दोन पानांची जबाबदारी

महाविद्यालयीन वार्षिकांकाच्या किंवा एखाद्या दिवाळी अंकाच्या संपादकीय बैठकीला जो कधी बसला आहे, त्याच्या ओळखीचे एक वाक्य आहे : ‘मजकूर आपण द्यायचा, मांडणी ऑपरेटर करेल.’ हे वाक्य कुणी उद्धटपणे म्हणत नाही. उलट त्यात श्रमविभागणीचा समंजसपणा असल्यासारखे वाटते. साहित्याच्या प्राध्यापकाने शब्द पाहावेत, संगणकावर बसलेल्या मुलाने पाने पाहावीत, आणि अंक वेळेवर निघावा. प्रस्तुत लेखकाने हे वाक्य अनेक वर्षे उच्चारले आहे. आज त्याच वाक्याविरुद्ध लिहावेसे वाटते, कारण या वाक्याने आपण संपादनाचा अर्धा भाग सोडून दिला आहे आणि सोडल्याची नोंदही केलेली नाही.

तात्त्विक चर्चेला जाण्याआधी प्रसंग सांगतो. २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये विदर्भातील जे सहा जिल्हे घेतले गेले त्यांत वाशिम होता. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा ही नावे त्या काळात वर्तमानपत्रांत नेहमी एकत्र येत. शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा आमच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने दूरचा विषय नव्हता. वर्गातल्या कोणाच्या तरी गल्लीतला होता. त्यानंतर दोनेक वर्षांनी, मी संपादक असलेल्या एका वार्षिकांकात, एका विद्यार्थिनीने अशाच एका घरी तीन वेळा जाऊन त्या घरातील बाईंचे निवेदन लिहून आणले. शाळेच्या वहीत, पेन्सिलीने, वऱ्हाडीत, बाई जशा बोलल्या तसे. अंकाच्या मधल्या दोन पानांवर, म्हणजे आपण ज्याला डबल स्प्रेड म्हणतो त्या जागेवर, ते छापायचे ठरले. सगळ्या अंकात ती दोनच पाने रंगीत होती.

अंक निघाला. ती दोन पाने सर्वांना आवडली. एका स्पर्धेत अंकाला पारितोषिक मिळाले आणि परीक्षकांनी त्या मांडणीचा वेगळा उल्लेख केला. पंधरा दिवसांनी ती विद्यार्थिनी आपली वही आणि छापील अंक घेऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली. तिने अंक त्या घरी नेऊन दिला होता. मुलाने आईला वाचून दाखवला. पानाच्या मधोमध, मोठ्या अक्षरांत, बाईंच्या नावावर एक वाक्य होते : ‘कर्जानं माह्या मालकाचा जीव घेतला!’ बाई म्हणाल्या होत्या, ‘हे मी नाही म्हटलं, बाई. हे लोकं म्हणतात.’

वही उघडली. वहीतले वाक्य असे होते : ‘लोकं म्हणतात का कर्जानं माह्या मालकाचा जीव घेतला. कर्ज तं आमच्या घरात माह्या लग्नाआधीपासून होतं.’ पुढे दीड पान त्या सांगत होत्या की कर्जाची घराला सवय होती. मोडले ते दुसऱ्याच गोष्टीने. निवेदनाचा शेवट होता : ‘चारचौघात त्यायचा पाणउतारा झाला, थे त्यायले सोसलं नाही.’ छापील पानावर हा शेवट नव्हता. शेवटच्या सात ओळी नव्हत्या. वाक्य मध्येच संपले होते आणि ते कुणाच्याही, माझ्यासुद्धा, लक्षात आले नव्हते. बाई ज्या समजुतीचे खंडन करत होत्या तीच समजूत आम्ही त्यांच्या तोंडी घालून, उद्गारचिन्ह जोडून, रंगीत छापली होती.

हे कसे घडले, ते क्रमाने पाहिले पाहिजे. ‘चूक झाली’ म्हणून पुढे गेलो तर हातात काही लागत नाही.

प्रथम छायाचित्र ठरले. भेगाळलेल्या जमिनीचे ते चित्र इंटरनेटवरून घेतलेले होते. त्याने दोन्ही पाने कडेपासून कडेपर्यंत व्यापली. मग उरलेल्या जागेत मजकुराच्या चौकटी आखल्या गेल्या आणि शेवटी त्या चौकटींत निवेदन ओतले गेले. ते मावेना. अक्षर बारा पॉइंटवरून साडेनऊवर आणले, तरी मावेना. ऑपरेटरने मला फोन केला : ‘सर, मजकूर मावून नाही राह्यला.’ मी म्हणालो, ‘बसव कसंही, उद्या प्लेटला जायचं आहे.’ त्याने मोठ्या अक्षरांतील वाक्याची चौकट ठेवली, कारण ती ठेवायची असे मीच सांगितले होते. वाक्य दोन ओळींत बसावे म्हणून त्यातील ‘लोकं म्हणतात का’ हे शब्द काढले. उरलेला मजकूर चौकटीखाली दडून राहिला.

ज्यांनी इनडिझाइन वापरले आहे त्यांना हे ठाऊक असेल की मजकूर चौकटीत मावला नाही तर तिच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानसे लाल अधिकचिन्ह दिसते. त्याआधीच्या पेजमेकरमध्ये त्याच अर्थाचा लाल त्रिकोण दिसत असे. याचा अर्थ, मजकूर फाइलमध्ये आहे, पण पानावर नाही. छापल्यावर ते चिन्हही दिसत नाही आणि मजकूरही दिसत नाही. तेव्हा सॉफ्टवेअरने आम्हाला फसवले असे म्हणण्याची सोय नाही. त्याने लाल रंगात सांगितले होते. ऑपरेटरनेही सांगितले होते. ज्याला शेवटच्या सात ओळींत काय आहे हे ठाऊक असायला हवे होते, तो पडद्यासमोर नव्हता.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो बहुधा माझ्याच पिढीकडून येतो. खिळ्यांच्या जुळणीचा काळ चांगला होता, डीटीपीने मराठी पान बिघडवले, असे हे म्हणणे. मला ते मान्य नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले तेव्हापासून मराठी मुद्रणात जागेची अडचण आहेच; शिशाचा खिळा काही ताणता येत नव्हता. फरक कामाच्या क्रमात होता. जुळाऱ्याने मजकूर जुळवला की आधी त्याची लांबट गॅली-प्रुफे निघत. ती कोणीतरी मूळ हस्तलिखिताशी ताडून वाचत असे. पाने त्यानंतर बांधली जात. मजकूर पुरता वाचला गेल्याशिवाय पानाचा प्रश्नच उद्भवत नसे. संगणकाने हे दोन टप्पे एकत्र आणले, आणि आपण आळसाने त्यांचा क्रम उलटा केला : आधी चौकट, मग मजकूर. हा उलटा क्रम कुठल्याही प्रणालीत सक्तीचा नाही. मजकूर आधी एका सलग स्तंभात ओतून, त्याची छापील प्रत काढून, मुळाशी ताडून मगच पाने आखावीत, हे आजही कोणत्याही संगणकावर करता येते. आपण करत नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे. साहित्य शब्दांत असते. मांडणी हा बाह्य शृंगार. तिच्यावर एवढा विचार करणे म्हणजे आशयाकडून आकर्षकतेकडे घसरणे. हे म्हणणारे प्राध्यापक दुसऱ्या दिवशी वर्गात मुक्तछंदातील ओळ कुठे तुटते आणि का तुटते यावर तासभर बोलतात. कवितेतील ओळ कवी तोडतो आणि निवेदनातील ओळ चौकट तोडते, एवढ्याने दुसऱ्या तुटण्याला अर्थ नसतो असे होत नाही. मराठी लघुनियतकालिकांच्या परंपरेने तर हा भेद कधीच मानला नाही. १९५०च्या दशकात ‘शब्द’ सायक्लोस्टाइलवर निघाले, त्यात साधनांची गरिबी होती, पण पानावर काय कुठे येणार हे कवींनीच ठरवले. अरुण कोलटकर व्यवसायाने जाहिरात क्षेत्रातले चित्रकार-संकल्पक होते. अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने १९७७ साली काढलेला ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह हातात घेतला की कवी, संपादक आणि मांडणीकार ही तीन वेगळी खाती नाहीत हे कळते. ‘मनोरंजन’कार का. र. मित्र यांनी १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हाही अंक ही पाहण्याची आणि वाचण्याची एकच वस्तू होती.

आणि वाशिमच्या माणसाने तर हा आक्षेप घेऊच नये. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील ज्या वत्सगुल्म नगरात लावून दिला, ते आपले वाशिम. ही कथा आपण स्वागतपर भाषणांत अभिमानाने सांगतो. याच जिल्ह्यातील कारंजा येथे जैन भट्टारकांच्या परंपरेने जपलेली हस्तलिखित भांडारे आहेत. तिथल्या ग्रंथसंग्रहामुळे १९३०च्या दशकात डॉ. हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांच्यासारख्या संपादकांना पुष्पदंताचे अपभ्रंश काव्य आधुनिक वाचकापुढे आणता आले. जैन परंपरेतील जुन्या कागदी पोथ्यांचे पान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आठवेल की ओळींच्या मधोमध बहुधा एक कोरी जागा सोडलेली असते. ताडपत्राला दोरा ओवण्यासाठी भोक लागे, त्याची ती आठवण. कागदावर दोऱ्याची गरज उरली नाही, तरी लेखनिकांनी ती जागा राखली. ती जागा राखताना अक्षर गाळले जात नाही. मजकूर तिच्या अलीकडे थांबतो आणि पलीकडे सुरू होतो. पोथीच्या शेवटी अनेक लेखनिक आपले नाव आणि तिथी लिहीत आणि नम्रपणे नोंदवीत की जसे समोर पाहिले तसे उतरवले आहे. आमच्या त्या दोन पानांखाली असे लिहू शकेल असा एकही माणूस नव्हता. मीही नव्हतो.

आता त्या भेगाळलेल्या जमिनीविषयी. काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात भेगाळते. दरवर्षी, चांगल्या पावसानंतरच्या उन्हाळ्यातसुद्धा. त्या मातीतील चिकणमाती ओलाव्याने फुगते आणि वाळल्यावर आक्रसते, हा तिचा धर्म आहे. आपल्याकडील कोणत्याही शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या भेगा म्हणजे एप्रिल-मे महिना. शिवाय आम्ही छापलेले चित्र शेताचे नव्हतेच. गाळाच्या पातळ, कडा वर वळलेल्या खपल्या स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे ते कुठल्यातरी आटलेल्या तलावाचे होते. सोयाबीन आणि तूर घेणाऱ्या घराच्या कहाणीवर, कुठल्यातरी परक्या तळ्याचा तळ आम्ही पांघरला. का? कारण शेतकऱ्याच्या दुःखाचे चित्र म्हणून शहरातील मासिकांनी ते चिन्ह रूढ केले आहे. ज्यांच्या अंगणातून शेत दिसते त्या आम्ही, स्वतःच्या जमिनीकडे पुण्या-मुंबईच्या पानांतून पाहिले. आपल्याच जिल्ह्यातील शिरपूरच्या नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ‘इथल्या अनुभवाला इथली भाषा’ असे आम्ही व्यासपीठावरून म्हणालो होतो. भाषेबाबत जे सूत्र मान्य, ते दृश्याबाबत का नाही? साहित्याच्या वर्गात ज्याला आपण रूढ, झिजलेली प्रतिमा म्हणून गुण कापतो, तीच प्रतिमा पानभर छापायला आपली हरकत नसते, कारण ‘मांडणी ऑपरेटर करेल’.

काही गोष्टी तांत्रिक म्हणून टाळल्या जातात, पण त्या भाषेच्या आहेत. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. ‘शेतकऱ्यांच्याबरोबरसुद्धा’ हा एक शब्द आहे. परदेशी मासिकाचा आयता साचा घेतला तर तो आखूड शब्दांच्या इंग्रजीसाठी बेतलेला असतो. ए-फोर आकाराचे पान २१० मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा समास आणि स्तंभांत पाच-पाच अंतर ठेवून चार स्तंभ पाडले, तर प्रत्येकी जेमतेम ४१ मिलिमीटर उरतात. त्यात मराठी मजकूर दोन्ही कडांना समतल केला की एका ओळीत दोन-तीनच शब्द येतात आणि मध्ये पांढरी भगदाडे पडतात. तसेच ओळींमधील अंतराचे. या प्रणालींत ते मुळात अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के धरलेले असते, म्हणजे बारा पॉइंटला १४.४. रोमन लिपीला ते चालते. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार, वेलांटी एकमेकांना भिडतात. ते अंतर वाढवणे दोन सेकंदांचे काम आहे. पण वाढवले पाहिजे हे ज्याला वाचताना त्रास होतो त्यानेच सांगायचे असते.

मधल्या दोन पानांचेही एक साधे सत्य आहे. पिनांनी बांधलेल्या अंकात अगदी मधोमध असलेली दोन पानेच एका सलग कागदावर असतात. इतरत्र समोरासमोरची पाने वेगवेगळ्या कागदांवर छापली जाऊन बांधणीत शेजारी येतात. आणि चिकटबांधणीच्या जाड अंकात तर मधल्या घडीपाशी काही मिलिमीटर गिळलेच जातात. तिथे चेहरा आला तर चेहरा दुभंगतो, शब्द आला तर शब्द. दिवाळी अंकांत घडीत बुडालेल्या कवितेच्या ओळी आपण दरवर्षी अंक फाकवून फाकवून वाचतो आणि तरी कवितेच्या पानाची प्रत छापण्यापूर्वी कवीला दाखवत नाही.

तिसरा आक्षेप गरिबीचा. तालुक्याच्या गावी हे सगळे कोण करणार, परवाने महाग, माणसे नाहीत. पूर्वी या म्हणण्यात तथ्य होते. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची युनिकोड मांडणी २०१२च्या सीएस-६ पासून रीतसर आली. त्याआधी प्रत्येक छापखाना आपापल्या फाँटच्या कोंडवाड्यात होता. आज ‘स्क्रायबस’ हे मुक्त सॉफ्टवेअर, ज्याची १.६ ही आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली, देवनागरी मांडू शकते आणि फुकट आहे. ‘मुक्त’सारखे नीटस देवनागरी फाँट फुकट आहेत. उणीव आता साधनांची नाही. मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये येतो, जुन्या फाँटमध्ये परिवर्तित होतो, त्यात ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ मोडतात, आणि ते मोडके ‘शेतकरयांचे’ तसेच छापले जाते. कारण परिवर्तनानंतर कोणीही वाचत नाही. वाचण्याला परवाना लागत नाही.

म्हणून मागणी अगदी मर्यादित आहे. संपादकाने अखेरच्या दिवशी ऑपरेटरशेजारी खुर्ची टाकून बसावे. मजकूर मावत नसेल तर काय गाळायचे हे त्याने, लेखकाला विचारून, ठरवावे. आणि चित्र लहान करणे हा पहिला पर्याय धरावा. मोठ्या अक्षरांत उचललेले वाक्य संपूर्ण असावे, आणि ते बोलणाऱ्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय छापू नये. छापायला देण्यापूर्वीची शेवटची प्रत पडद्यावर नव्हे, कागदावर, मूळ हस्तलिखिताशी ताडावी. ज्याने पाने लावली त्याचे नाव श्रेयनामावलीत असावे. त्याने ‘मावत नाही’ म्हटले तर ते संपादकीय मत समजावे. आणि मराठीच्या पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सा शिकवताना एखादा दिवाळी अंकही पाठ म्हणून ठेवावा. हस्तलिखितातील लेखनिकाचे प्रमाद आपण परीक्षेत विचारतो, मग काल छापलेल्या पानावरचे का नकोत?

यावर असे म्हटले जाईल की एका वाक्याच्या चुकीवर लेखकाने फारच मोठी इमारत उभी केली. असेल. परंतु ते वाक्य कोणाच्या तरी आयुष्यातील सर्वांत अवघड गोष्टीविषयीचे होते, आणि ती गोष्ट नेमकी काय होती हे सांगण्याचा तिचा एकमेव छापील प्रयत्न आम्ही बिघडवला. पुढच्या वर्षीच्या अंकात ते निवेदन आम्ही पुन्हा छापले. पूर्ण, एका स्तंभात, चित्राशिवाय, चुकीच्या कबुलीसह. त्याला अडीच पाने लागली. विद्यार्थिनीने तोही अंक नेऊन दिला. बाईंनी तो मुलाकडून शेवटपर्यंत वाचून घेतला आणि आधीचा परत मागितला तर देऊ का, एवढे विचारले. मी मागितला नाही. तो त्यांच्या घरी आहे, आणि त्यावर संपादक म्हणून माझे नाव आहे.